जॅझसाठी सॉलिड-बॉडी गिटार चालेल का, आणि चालत असेल तर कुठली

फोंड्याहून एका मुलाने विचारलंय. प्रश्न थोडक्यात असा: तीन-चार वर्षं लग्नाच्या बँडमध्ये आणि सीझनला हॉटेलात रिदम गिटार वाजवतोय, आता जॅझ शिकायला लागलाय, सर म्हणतात पोकळ बॉडीची आर्चटॉप (वरचं लाकूड फुगीर असलेली) असल्याशिवाय जॅझचा आवाज येत नाही, बजेट गिटार आणि अ‍ॅम्प मिळून ४० हजार, गिटार एकच परवडणार आणि तीच लग्नातही वाजवायची. मग सॉलिड-बॉडी, म्हणजे भरीव लाकडाची, घेतली तर चालेल का, आणि घ्यायची तर टेलिकास्टर, स्ट्रॅट की लेस पॉल?

चालेल. तुझ्या परिस्थितीत तर मी सॉलिड-बॉडीच घे म्हणेन, आणि तिघांतली एक निवड म्हणशील तर टेलिकास्टर. पण एवढ्यावर दुकानात जाऊ नकोस, कारण मॉडेलचं नाव हा यातला लहान भाग आहे. मी म्हापशाकडे गिटारींचे सेटअप (नेक, तारांची उंची, सूर नीट लावणं) करतो आणि स्वतः हॉटेलात जॅझ वाजवतो, त्यामुळे जॅझसाठी म्हणून हौसेने घेतलेल्या आणि मग कपाटावर पडून राहिलेल्या गिटारी माझ्याकडे येत असतात, आणि बहुतेकांचं दुखणं सारखंच असतं, गिटार चांगली असते पण तारा, सेटअप आणि अ‍ॅम्प चुकीचे असतात.

आधी तू जो आवाज शोधतोयस तो कशाकशाने बनतो ते बघूया. वेस माँटगोमेरी किंवा जो पास या जॅझ गिटारिस्टांच्या रेकॉर्डिंगमध्ये जो गोल, जाडसर, जरासा दबका आवाज येतो, त्यात पाच गोष्टी आहेत. नेकजवळचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारं चुंबक आणि कॉइल. टोनचा नॉब खाली. जाड आणि बऱ्याचदा फ्लॅटवाउंड तारा, म्हणजे वरून गुळगुळीत पट्टी गुंडाळलेल्या. अजिबात न फाटणारा स्वच्छ अ‍ॅम्प. आणि पाचवी गोष्ट पोकळ बॉडी. पहिल्या चार गोष्टी कुठल्याही सॉलिड-बॉडीवर जशाच्या तशा करता येतात. पाचवी गिटारीतून मिळत नाही, ती हाताने करावी लागते, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो कारण माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

जॅझवाले पोकळ गिटारीवर वाजवत आले याला मोठं कारण काळ हे आहे. गिब्सनची ईएस-१५० ही १९३६ सालची, जॅझ गिटारिस्ट चार्ली ख्रिश्चन तीच वाजवायचा, तेव्हा बाजारात सॉलिड-बॉडी इलेक्ट्रिक स्पॅनिश गिटार नव्हतीच म्हणायला हरकत नाही. फेंडरची टेलिकास्टर १९५०-५१ मध्ये आली, गिब्सनची लेस पॉल १९५२ मध्ये, तोपर्यंत त्या आवाजाची सवय कानांना झाली होती. तरी सॉलिड-बॉडीवर जॅझ वाजवणारे पुढे भरपूर झाले. टोरांटोचा एड बिकर्ट वर्षानुवर्षं टेलिकास्टरवर वाजवत राहिला, नेकला हमबकर (दोन कॉइलचा, गुणगुण न करणारा पिकअप) बसवून घेतला होता, आणि सॅक्सोफोनवाल्या पॉल डेझमंडबरोबरचं त्याचं वाजवणं डोळे मिटून ऐकलंस तर सॉलिड-बॉडी आहे हे ओळखू येणार नाही. टेड ग्रीन एकट्या टेलिकास्टरवर कॉर्ड आणि मेलडी असं दोन्ही वाजवायचा. माइक स्टर्न, बिल फ्रिझेल, आताचा जूलियन लाज, सगळ्यांनी टेलिकास्टर खूप वाजवलीय. जिम हॉल सुरुवातीला ड्रमर चिको हॅमिल्टनबरोबर होता तेव्हा लेस पॉल कस्टम वाजवायचा. जो पासचे साठीच्या दशकाच्या सुरुवातीचे फोटो बघ, हातात फेंडर जॅझमास्टर दिसेल. आणि ही जॅझमास्टर फेंडरने १९५८ मध्ये काढली ती जॅझवाल्यांना डोळ्यांपुढे ठेवूनच, पण त्यांनी ती फारशी घेतली नाही आणि सर्फ रॉकवाल्यांनी उचलून धरली, म्हणजे डोक्यावर जॅझ लिहिलंय म्हणून ती जॅझची गिटार होते असं नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तू जर फक्त घरी बसून, अ‍ॅम्प न लावता, एकट्याने स्टँडर्ड्स (जॅझवाल्यांची ठरलेली जुनी गाणी) वाजवणार असतास तर मी तुझ्या सरांच्या बाजूने बोललो असतो, पोकळ गिटार नुसती मांडीवर घेऊन वाजवायला जो आनंद देते तो सॉलिड देत नाही. पण तुला लग्नात ड्रमच्या शेजारी उभं राहून, समोर मॉनिटर लावून जाइव्ह, वॉल्ट्झ, कोकणी मसाला (गाण्यांची मेडली) असं सगळं वाजवायचंय. तिथे पोकळ बॉडी फीडबॅक देते, स्पीकरच्या आवाजाने तिचं वरचं लाकूडच हलायला लागतं, ते परत पिकअपमध्ये जातं, आणि साधारण खालच्या सुरांवर गिटार घूं घूं करत सुटते. स्वस्त आर्चटॉपमध्ये हा त्रास जास्तच, आणि ४० हजारात अ‍ॅम्प धरून जी पोकळ गिटार मिळेल ती स्टेजवर सांभाळता सांभाळता तुझं वाजवण्याकडे लक्षच राहणार नाही.

दुसरं कारण आपली हवा. लाकडी वाद्याला पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता बरी, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती ऐंशीच्या वर असते. पोकळ गिटारीचं पातळ लाकूड फुगतं, ब्रिज वर येतो, अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) बदलते, नोव्हेंबरात परत सगळं उलट. प्लायचं टॉप असेल तर जरा कमी, कोरीव असेल तर जास्त. सॉलिड-बॉडीची बॉडी काही हलत नाही, फक्त नेक थोडा हलतो आणि तो ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या सळीने) अर्ध्या तासात जागेवर येतो. त्यात किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये वाजवलंस तर खारी हवा आहेच, साध्या तारा आठवड्यात तांबूस पडतात. सांगायचं एवढंच की इथे वर्षभर कामाला येणारी गिटार म्हणून सॉलिड-बॉडी घेण्यात तू कुठे तडजोड करतोयस असं मनात आणू नकोस.

आता ती पाचवी गोष्ट.

पोकळ गिटारीत तार छेडली की तिची ताकद पटकन वरच्या लाकडात जाते, लाकूड हलतं, हवा हलते आणि सूर लवकर विरतो. सुरुवातीला एक ठोका, मग छोटा गोल सूर, मग शांतता. सॉलिड-बॉडीत बॉडी जड, ती हलत नाही, म्हणून ताकद तारेतच राहते आणि सूर लांबत जातो. तबल्यावरचा बंद बोल आणि खुला बोल यात जो फरक तोच इथे आहे. रॉकवाल्यांना हा लांब सूर हवा असतो, म्हणून सगळ्या जाहिरातीत सस्टेन सस्टेन असतं, पण जॅझमध्ये कॉर्ड भराभर बदलतात, दर दोन ठोक्यांनी नवी, आणि आधीच्या कॉर्डचा एखादा सूर पुढच्या कॉर्डमध्ये लोंबकळत राहिला की सगळं चिखल होतं. सॉलिड-बॉडीवर वाजवणाऱ्या नवशिक्याचं जॅझ रॉकसारखं का वाटतं याचं उत्तर टोनमध्ये शोधतात लोक, नॉब फिरवत बसतात, पण दहातल्या आठ वेळा सूर कुठे थांबवायचा हे हाताला माहीत नसतं म्हणून तसं वाटतं.

यावर उपाय सरावाचा आहे. काउंट बेसीच्या बँडमधल्या रिदम गिटारिस्ट फ्रेडी ग्रीनसारखं चार ठोके वाजव, प्रत्येक ठोक्यानंतर डाव्या हाताची बोटं तारेवरून न उचलता फक्त दाब सोड, सूर लगेच मरतो. मेट्रोनोम ६० वर ठेवून, जी-सेव्हनचे तीनच सूर घे, सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट, चौथ्यावर तिसरा, तिसऱ्यावर चौथा, बाकीच्या तारा बोटांच्या कडेने बंद. सूर किती लांब ठेवायचा ते तू ठरव, गिटारीला ठरवू देऊ नकोस. सिंगल नोट वाजवताना पण तेच, पुढची तार छेडायच्या क्षणी मागची बंद झाली पाहिजे. पिक जाड घे, दीड मिलीमीटर किंवा वर, आणि नेक संपते तिथे छेड, ब्रिजजवळ नको. अंगठ्याने वाजवता आलं तर आणखीच गोल येतो आवाज. हे महिनाभर नीट केलंस की टेलिकास्टरमधून लाकडी आवाज यायला लागतो, कुठलाही पेडल न घेता.

आता गिटारींकडे. टेलिकास्टर मी आधी का म्हणतो, तर नेकचा पिकअप. त्यावर धातूचं झाकण असतं, त्याने चुरचुर आपोआप थोडी कमी होते, आवाज उबदार पण कॉर्डमधले सूर वेगवेगळे ऐकू येतात, आणि जॅझ कॉर्डमध्ये तिसरा आणि सातवा सूर वेगळा ऐकू येणं हेच तर सगळं असतं. शिवाय ब्रिज फिक्स, बिघडण्यासारखं काही नाही, लग्नात स्विच ब्रिज पिकअपवर टाकलास की जाइव्हसाठी कुरकुरीत आवाज तयार. तोटा एकच आणि आपल्याकडे तो लहान नाही: सिंगल कॉइलचा, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपचा, हम (विजेची गुणगुण). जनरेटर, डिमर, अर्थिंग नसलेले बोर्ड, पंडालात हे सगळं एकदम असतं आणि शांत बॅलडमध्ये गुणगुण ऐकू येते. म्हणून नेकला हमबकर असलेली टेली मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर पुढे बसवता येतो, पिकगार्ड कापावं लागतं आणि कधी लाकूडही थोडं कोरावं लागतं, जाणकाराकडूनच करून घे.

लेस पॉलवर हमबकर आहेतच, हम नाही, आणि तारेची लांबी २४.७५ इंच, फेंडरची २५.५, त्यामुळे खालच्या फ्रेटवर बोटं ताणायला सोपं आणि त्याच तारा हाताला मऊ लागतात. तुझा पंजा लहान असेल तर हा मोठा मुद्दा आहे. पण स्वस्त लेस पॉलमध्ये नेक पिकअप बरेचदा इतका जाड वाजतो की कॉर्ड गढूळ होते. पिकअप खाली कर, जाड तारांच्या बाजूने जास्त, बरंच सुधारतं. वजनाचा विचार पण कर, चार किलोच्या आसपास किंवा वर जाते, आणि तू रिसेप्शनला तासन् तास उभा असतोस.

स्ट्रॅटबद्दल लोक नाक मुरडतात, मी मुरडत नाही, नेक पिकअपवर टोन चार-पाचवर आणलास तर चांगला गोड आवाज येतो. एक गंमत सांगतो, जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट पिकअपमध्ये तिसऱ्या तारेखालचा लोहचुंबक उंच असतो, कारण त्या काळी तिसरी तार गुंडाळलेली असायची आणि तिचा आवाज हळू. आज साधी तिसरी तार लावली की ती ओरडते, आणि जॅझच्या तारा लावल्या की बरोबर जागेवर बसते. अडचण ट्रेमोलोची (दांडीने हलणाऱ्या ब्रिजची): जाड तारांनी ब्रिज उचलला जातो, मागे तीनऐवजी पाच स्प्रिंगा लावून तो बॉडीला टेकवून टाक, तुला ट्रेमोलो लागणारही नाही.

यामाहा पॅसिफिकासारख्या गिटारी पण बघ, या किमतीत त्यांचं काम नीट असतं, फ्रेट टोचत नाहीत. फक्त साध्या मॉडेलमध्ये हमबकर ब्रिजला असतो आणि नेकला सिंगल कॉइल, म्हणजे तुला हवं त्याच्या उलट, पण वाईट नाही. सेमी-हॉलो, म्हणजे १९५८ च्या ईएस-३३५ च्या धाटणीची, मध्ये लाकडाचा ठोकळा असलेली, मिळाली आणि बजेटात बसली तर ती पण या कामाला छान, फीडबॅक पूर्ण पोकळपेक्षा खूप कमी.

पणजी-मडगावच्या दुकानात गेलास की आधी अ‍ॅम्प न लावता वाजव. हो, सॉलिड-बॉडीसुद्धा. नेक तळहातात कसा बसतो, पहिल्या फ्रेटपासून चौदाव्यापर्यंत प्रत्येक तारेवर सूर सारखा वाजतो का, कुठे खरखर करतो का, हे नुसत्या कानाने जास्त कळतं. मग स्वच्छ अ‍ॅम्प, नेक पिकअप, टोन निम्मा, आणि डी-मायनर-सेव्हन, जी-सेव्हन, सी-मेजर-सेव्हन हे वेगवेगळ्या जागी वाजव, हळू आवाजात. हळू आवाजात वाजवणं महत्त्वाचं, मोठ्याने सगळ्याच गिटारी बऱ्या वाटतात. कॉर्डमधला मधला सूर शोधावा लागत असेल तर ती गिटार ठेवून दे, नाव कितीही मोठं असो. रंग, लाकडाची जात, सेलिब्रिटीचं मॉडेल, यावर वेळ घालवू नकोस. पिकअप, नॉब, ट्यूनर सगळं नंतर बदलता येतं, नेक तेवढा बदलायला महाग पडतो, म्हणून नेक बघून घे.

तारा. यावर मी हट्टी आहे. नव्या गिटारीवर बहुतेक ९ किंवा १० नंबरचा (सगळ्यात पातळ तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) राउंडवाउंड, म्हणजे गोल तार गुंडाळलेला, सेट असतो, त्यावर जॅझचा आवाज शोधणं म्हणजे उगाच स्वतःला त्रास. ११ चा फ्लॅटवाउंड सेट घे, उदाहरणार्थ डॅडारिओ क्रोम्सचा ११-५०, त्यात तिसरी तार गुंडाळलेली २२ ची येते. फ्लॅटवाउंडवर बोट सरकताना किरकिर येत नाही, आवाज गोल होतो, सूरही जरा लवकर विरतो म्हणजे पाचव्या गोष्टीला मदत, आणि या स्टेनलेस स्टीलच्या असल्याने आपल्या हवेत राउंडवाउंडपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेचा आणखी फायदा असा की ती कॉर्डमध्ये सुरात राहते, साधी जाड तिसरी तार दाबली की चढते, तुझ्या ते कानावर आलं असेलच. पण १० च्या सेटमधली तिसरी तार १७ ची, तिथून २२, म्हणजे नटची (हेडस्टॉकजवळच्या तारांच्या पट्टीची) खाच रुंद करावी लागते, नाहीतर तार अडकते आणि ट्यूनिंग राहत नाही. ताण वाढल्याने नेक पुढे वाकतो, ट्रस रॉड, मग अ‍ॅक्शन, मग इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं), या क्रमाने सगळं परत करावं लागतं. तारा बदलल्या आणि सेटअप केला नाही तर गिटार आधीपेक्षा वाईट वाजेल आणि तू तारांना दोष देशील.

इथे तुझ्या बाबतीत एक खरा पेच आहे. या तारांवर बेंड (तार ओढून सूर चढवणं) होत नाही, तिसरी तार तर जवळजवळ नाहीच. तू रिदम वाजवतोस म्हणालास म्हणून मी सरळ फ्लॅटवाउंड सुचवतोय, पण लग्नात गाण्यांचे लीड पीस तुझ्याकडे असतील तर ११ चा निकेल राउंडवाउंड सेट साध्या तिसऱ्या तारेसकट लाव आणि टोन थोडा जास्त बंद ठेव.

अ‍ॅम्पवर पैसे वाचवू नकोस. ४० पैकी गिटारीला २२-२५ आणि उरलेले अ‍ॅम्प, तारा, सेटअप असं धर. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प चालतो, रोलंडचा जॅझ कोरस १९७५ पासून आहे तो ट्रान्झिस्टरचाच, जो पास वाजवायचा तो पॉलिटोन पण तसाच. तुला हवाय तो फाटल्याशिवाय वर जाणारा स्वच्छ आवाज, आत पन्नास इफेक्ट असलेला डबा नको. बेस कमी, मिड जरा वर, ट्रेबल निम्म्याच्या खाली, रिव्हर्ब चवीपुरता. गिटारीवर व्हॉल्यूम सात-आठवर ठेव, पूर्ण उघडू नकोस. रात्री १० नंतर उघड्यावरचं संगीत बंद होतं आणि हॉटेलवाले आत बसवतात, तेव्हा अगदी हळू वाजवावं लागतं, तुझा आवाज त्या पातळीवर कसा आहे हे घरी आधी ऐकून ठेव.

सरांशी वाद घालू नकोस. पोकळ गिटारीवर शिकलेल्या माणसाच्या हातात सूर थांबवण्याची सवय वाद्यानेच घातलेली असते, त्यांना ती वेगळी शिकावी लागली नाही, म्हणून ते गिटारीला श्रेय देतात. त्यांना विचार की तुझे सूर कुठे लांबतायत ते दाखवा, याचं त्यांच्याइतकं चांगलं उत्तर दुसरं कोणी देणार नाही. आणि आपल्याकडच्या माणसांचं जॅझ पण ऐक, नेवऱ्याचे ब्राझ गोन्साल्विस यांचा सॅक्सोफोन, गोवन घरातला, मुंबईत जन्मलेला आणि पुढे लंडनला गेलेला गिटारिस्ट अमान्सिओ डिसिल्वा. सॅक्सवाल्याला श्वास घ्यावा लागतो म्हणून वाक्य संपतं, गिटारवाल्याने ते ऐकून ऐकून शिकावं.

सेकंडहँड मिळाली तर जरूर बघ, सीझन संपला की बाहेरचे लोक एप्रिल-मेमध्ये गिटारी विकून जातात. घेताना नेक बॉडीच्या बाजूने डोळ्याजवळ धरून सरळ बघ, पीळ दिसला तर सोडून दे, ट्रस रॉड फिरतो का ते विचारू नकोस, समोर फिरवून दाखवायला सांग. फ्रेटवर तारांचे खोल खड्डे नकोत, लेस पॉल असेल तर हेडस्टॉकच्या मागे तडा जोडलेला आहे का नखाने चाचपून बघ. आणि मेमध्ये घेतलीस तर पूर्ण सेटअप लगेच करून घे पण पावसाळ्यात जुलैच्या सुमाराला एकदा ट्रस रॉड बघून घे, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाक, आणि केस बंद करून महिनाभर कोपऱ्यात ठेवू नकोस, बुरशी धरते.

गिटार पसंत पडली की घेण्याआधी मॉडेल आणि नेकचे फोटो पाठव, बघून सांगतो.